मावशीची बेसिक कॉम्प्युटर बॅच: सहा आठवडे मागच्या खुर्चीवर बसून लिहिलेला रिव्ह्यू

मावशीला बेसिक कॉम्प्युटर आणि इंटरनेटच्या बॅचला घातलं होतं ती मागच्या आठवड्यात संपली. घरातल्या मोठ्यांना असं कुठेतरी घालावं का असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहिते. क्लासचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण तक्रारी पण लिहिणार आहे, आणि तसंही हे वाचून तुम्हाला कुठल्याही क्लासला जाऊन नेमकं काय विचारायचं ते कळेल.

सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दीड तास. मावशी ६३ वर्षांची. तिला एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून मी मागे बसू का असं विचारलं तर मॅडम हो म्हणाल्या, पण अट घातली की मधे बोलायचं नाही आणि काकूंच्या माऊसला हात लावायचा नाही. तेव्हा मला ही अट उगाच वाटली होती.

मावशीला फोन येत नव्हता असं अजिबात नाही. फोटो पाठवणं, व्हिडिओ कॉल, बिल भरणं सगळं करायची. पण ते कसं, तर मी तिला वहीत लिहून दिलं होतं, आधी हे दाब, मग निळ्या चौकोनावर दाब, मग उजवीकडे खाली. एक दिवस अ‍ॅप अपडेट झालं, निळा चौकोन जाऊन तिथे दुसरंच काहीतरी आलं आणि वही फुकट गेली. असं तीनदा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिला रस्ता पाठ करून घेत होते, गाव दाखवलंच नव्हतं. म्हणून ही बॅच.

पहिल्या दिवशी मॅडमनी कोणाला काही चालू करायला सांगितलं नाही. एका जुन्या मशीनचं झाकण काढून टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना उभं राहून आत बघायला लावलं. पंख्याखाली प्रोसेसर, शेजारी उभी खोचलेली रॅमची पट्टी, खाली डिस्क. मग दुसऱ्या एका जुन्या मशीनवर नोटपॅड उघडून मावशीकडून चार ओळी टाइप करून घेतल्या, तिला त्याला वीस मिनिटं लागली, आणि सेव्ह न करता सरळ प्लग काढायला लावला. परत चालू केलं तर ओळी गायब. मावशीचा चेहरा बघवत नव्हता, एवढं एकेक अक्षर शोधून लिहिलेलं. मग परत टाइप करून घेतलं, या वेळी सेव्ह केलं, परत प्लग काढला, चालू केलं आणि ओळी जिथल्या तिथे. मॅडम म्हणाल्या रॅम म्हणजे पाटी आणि डिस्क म्हणजे वही, लाइट गेली की पाटी पुसते. बस, एवढंच. सेव्ह का करायचं हे मी तिला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल, ते त्या एका प्लगने कळलं. (हल्लीचे बरेच प्रोग्राम मधेमधे आपोआप सेव्ह करत असतात म्हणून मुद्दाम जुनं मशीन घेतलं होतं, हे पण त्यांनी नंतर सांगितलं, लपवलं नाही.) आपण फोनला सरसकट मेमरी फुल झाली म्हणतो त्यात पाटी भरली की वही भरली हेच कळत नाही. मावशी आता विचारते, स्टोरेज म्हणजे वहीच ना?

दुसऱ्या आठवड्यात इंटरनेट आलं आणि मला स्वतःला सगळ्यात आवडलेला तास तो. खोलीतल्या राउटरला बाहेरून जी वायर येते ती मॅडमनी सगळ्यांसमोर काढली, राउटर चालूच ठेवला. आता काय चालतं आणि काय चालत नाही ते तुम्हीच करून बघा म्हणाल्या. वायफायचं चिन्ह तसंच दिसतंय, खोलीतल्या प्रिंटरवर प्रिंट निघतेय, सेव्ह केलेली फाइल उघडतेय, आणि एकही वेबसाइट उघडत नाहीये. मावशी मागे वळून मला म्हणाली, "अगं म्हणजे वायफाय चालू आणि नेट बंद असं असू शकतं?" मी अटीप्रमाणे गप्प. शेजारच्या काकांनी सांगितलं, वायफाय म्हणजे या खोलीपुरती वायर, फक्त न दिसणारी, खरं नेट त्या काढलेल्या वायरमधून येतं. त्या काकांना तरी आधी कुठे माहीत होतं, त्यांनी तिथेच पाच मिनिटांपूर्वी शोधून काढलं होतं.

क्लाउडचं पण तसंच. ढगबिग काही नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीत रांगेने लावलेले कॉम्प्युटर आणि तिथपर्यंत जमिनीखालून, समुद्राखालून गेलेल्या केबल. देशादेशांमधला बहुतेक डेटा सॅटेलाइटने नाही तर समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचेच्या तंतूंतून जातो हे सांगितल्यावर वर्गात दोन मिनिटं नुसती चर्चा, कोणाला पटेचना. मला हे अशासाठी महत्त्वाचं वाटतं की माझा फोटो कुठेतरी एका जागी आहे आणि त्या जागेचा कोणीतरी मालक आहे हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे प्रश्न माणूस आपणहून विचारतो. मावशीने विचारलंच, मग ती माणसं बघतात का माझे फोटो?

इतिहास थोडाच सांगितला पण बरोबर जागी सांगितला. एका आजोबांचं लॉगिन काही केल्या होईना, ते वैतागले, तेव्हा मॅडम म्हणाल्या काका, इंटरनेट ज्यातून पुढे आलं त्या नेटवर्कवरचं पहिलंच लॉगिन फसलं होतं. २९ ऑक्टोबर १९६९, अर्पानेट नावाचं नेटवर्क, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या गावातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन हा शब्द पाठवायचा होता, पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडची सिस्टिम बंद पडली. आजोबा एकदम खूश. त्यातूनच पुढे सांगितलं की ईमेल १९७१ पासून आहे आणि आपण ज्याला वेबसाइट म्हणतो ते वेब टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत मांडलं, म्हणजे इंटरनेट हा रस्ता आधीचा आणि वेब ही त्यावरून धावणारी एक गाडी, ईमेल दुसरी गाडी. ब्राउझर न उघडता मेल कसा येतो हा मावशीचा जुना प्रश्न होता, माझ्याकडे त्याचं धड उत्तर नव्हतं, ते तिला इथे मिळालं.

आता मूळ मुद्द्यावर येते. मावशीची भीती चुकीच्या जागी होती, आणि मला वाटतं बहुतेक मोठ्या माणसांची असते. बटण दाबायला घाबरायची, बिघडलं तर? पण आलेल्या लिंकवर बिनधास्त बोट ठेवायची. मॅडमनी तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे परत फिरवता येणाऱ्या गोष्टी, दुसरीकडे न येणाऱ्या. मग सगळ्यांना स्वतःचं टाइप केलेलं अख्खं पान सिलेक्ट करून डिलीट करायला लावलं. मावशी करेना. "काकू, दाबा बिनधास्त." दाबलं, पान पांढरं झालं. मग कंट्रोल आणि झेड. सगळं परत आलं. तिने ते पुढच्या दहा मिनिटांत किती वेळा केलं याला गणती नाही, पुसायचं, आणायचं, पुसायचं, आणायचं, आणि दर वेळी शेजारच्या बाईंना दाखवायचं. मग फाइल डिलीट करून रीसायकल बिनमधून परत काढली. एवढं झाल्यावर मॅडम दुसऱ्या रकान्याकडे वळल्या. पाठवलेले पैसे, फोनवर सांगितलेला ओटीपी, खोट्या साइटवर टाकलेला पासवर्ड, पाठवून बराच वेळ झालेला मेल. इथे कंट्रोल झेड नाही. म्हणून बोट थांबवायचं ते इथे, बाकी ठिकाणी बिनधास्त फिरा. ओटीपीबद्दल त्यांचं एकच वाक्य, ओटीपी म्हणजे तुमची सही, फोनवर कोणी सही मागितली तर द्याल का? मी आजवर मावशीला हे करू नको ते करू नको अशी मोठी यादी देत आले होते, त्यापेक्षा हे दोन रकाने कितीतरी जास्त उपयोगी पडले.

वेब अ‍ॅड्रेस वाचायला शिकवलं ते पण नीट लिहिते कारण हे तरुणांना सुद्धा येत नाही. कागदाच्या पट्ट्यांवर लांबलचक पत्ते छापून वाटले आणि खरा मालक कोण ते पेनाने गोल करायचं. रीत अशी: सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली एकटी तिरपी रेघ शोधा, आणि तिथून डावीकडे या. रेघेला लागून असलेले शेवटचे दोन तुकडे म्हणजे मालक (काही देशांच्या पत्त्यात तीन असतात). त्याच्या डावीकडे मालक वाट्टेल ते लिहू शकतो. म्हणजे "माझीबँक.खाते-तपासा.कॉम" असं असेल तर ती माझीबँक नाहीच, ती खाते-तपासा नावाच्या कोणाची तरी जागा आहे आणि त्याने पाटीवर आपल्या बँकेचं नाव रंगवलंय. इंग्रजीत आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले की लांबून एम दिसतो ही युक्ती पण दाखवली. मावशीच्या पहिल्या पाच पट्ट्या चुकल्या, सहावीपासून एकही चुकली नाही. शोधताना सगळ्यात वर जे येतं ते बऱ्याचदा जाहिरात असते, बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, म्हणून बँकेसारख्या ठिकाणी सर्च करून जायचंच नाही, एकदा खात्री केलेला पत्ता बुकमार्क करून ठेवायचा आणि तिथूनच जायचं, हे पण करून घेतलं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार छापील नोट्सबद्दल. मॅडम वर्गात जे शिकवतात आणि पुस्तिकेत जे छापलंय त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पान १४ वर ठळक अक्षरात लिहिलंय की पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट सुरक्षित. हे साफ चूक आहे. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यापासून त्या साइटपर्यंतचा रस्ता बंद आहे, मधे कोणी वाचू शकत नाही. साइट चोराची असेल तर तुमचा पासवर्ड चोरापर्यंत अगदी सुरक्षित पोचतो. कुलूप दिसण्यासाठी साइटला जे प्रमाणपत्र लागतं ते आज कोणालाही फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्ह काढून टाकलं. मॅडमनी वर्गात तोंडी दुरुस्ती केली पण घरी जाऊन उजळणी करणारा माणूस पुस्तिका वाचणार ना? ज्यांचा तो तास बुडला त्यांचं काय?

पासवर्डच्या पानाचंही तेच. दर ३० दिवसांनी बदला, त्यात एक आकडा, एक चिन्ह, एक कॅपिटल अक्षर हवंच वगैरे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय की ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, लांबी महत्त्वाची, कारण सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि मोकळे होतात. मावशीने अगदी तेच केलं होतं. आता तिचा एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच शब्दांचा पासवर्ड आहे, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि ते सगळे घरातल्या एका वहीत लिहिलेत. मला तरी ते चालतं, घरात येऊन वही चोरणाऱ्यापेक्षा सगळीकडे एकच पासवर्ड असणं जास्त धोक्याचं आहे. एक गोष्ट मात्र नोट्समध्ये नव्हती आणि मॅडमनीही ओझरतीच सांगितली, ती मी ठळक करते: सगळ्यात जपायचा पासवर्ड ईमेलचा. बाकी बहुतेक ठिकाणचा पासवर्ड विसरलात तर नवीन करायची लिंक ईमेलवर येते, म्हणजे ज्याच्या हातात तुमचा ईमेल त्याच्या हातात जवळजवळ सगळं. तिथे टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करणं हे पहिल्या आठवड्यातच करून घ्यायला हवं होतं.

दुसरी तक्रार, बदली सरांची. मॅडम एक आठवडा नव्हत्या, दुसरे सर आले. सरांना येत सगळं होतं, पण कोणी अडलं की माऊस स्वतःच्या हातात घ्यायचे, टकटकटक, झालं बघा काकू. तीन तासिका अशा गेल्या. पहिल्याच दिवशी घरी आल्यावर मावशी म्हणाली, "आज मी काहीच केलं नाही गं, सरांनीच केलं सगळं." मॅडमची ती अट मला तेव्हा कळली. मॅडमचा नियम असा होता की एका मशीनवर दोघं बसले असतील तर माऊस ज्याच्या हातात त्याने बोलायचं नाही, शेजारच्याने तोंडाने सांगायचं आणि दर दहा मिनिटांनी बदलायचं. सांगणाऱ्याला नावं शिकावीच लागतात, टॅब, फोल्डर, अ‍ॅड्रेस बार, नुसतं "ते तिकडचं" म्हणून चालत नाही. सर आल्यावर तो नियम गेला आणि जो हुशार तोच माऊस धरून बसायला लागला. क्लास बघायला जाल तेव्हा मागे उभं राहून एवढंच बघा, शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावतो का.

अपडेटबद्दल ठीक सांगितलं. अपडेट म्हणजे नुसते रंग बदलणं नाही, भोक बुजवणं असतं. उदाहरण वॉनाक्रायचं, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणाऱ्या व्हायरसचं दिलं, मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये भोक बुजवणारा अपडेट दिला होता, मे महिन्यात हल्ला झाला आणि ज्यांनी अपडेट टाकला नव्हता त्यांच्यातल्या कितीतरी जणांची मशीन अडकली. दोन महिने हातात होते.

पण बॅकअपला, म्हणजे फाइलींची वेगळी प्रत जपून ठेवण्याला, अख्ख्या कोर्समध्ये दहा मिनिटं, तीही शेवटच्या दिवशी. हे मला खूप खटकलं. सिंक आणि बॅकअप यातला फरक तर सांगितलाच नाही. आणि बॅच संपल्यावर चौथ्या दिवशी मावशीने फोनमध्ये जागा करायला म्हणून जुने फोटो डिलीट केले, क्लाउडवर आहेतच की असं समजून. सिंक चालू असलं की इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं. माझ्या आजोबांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे, स्कॅन केलेले फोटो होते त्यात. ट्रॅशमध्ये काही दिवस राहतात म्हणून सगळे परत मिळाले, आणि ट्रॅशमध्ये बघ हे तिलाच सुचलं, मला नाही, पण तोपर्यंतचा तो अर्धा तास आम्हा दोघींना विसरता येणार नाही. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागांवर, त्यातली एक घराबाहेर, हा साधा नियम आहे आणि त्याला किमान दोन पूर्ण तास द्यायला हवेत. आम्ही आता एक पेनड्राइव्ह मावशीच्या घरी आणि एक माझ्याकडे ठेवलाय.

मराठी टायपिंग चांगलं घेतलं. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, बोटं न बघता जागेवर यावीत म्हणून, हे मावशीला बोटाने चाचपून दाखवलं. जुन्या मराठी फाइली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा का दिसतो तेही सांगितलं. जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजीच अक्षर साठवलेलं असायचं, फक्त वरचं चित्र मराठी, तो फॉन्ट नसला की सोंग उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर आहे, क चा २३२५, तो जगात कुठेही क च राहतो. मावशीला हे इतकं आवडलं की तिने वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

फोनचं मात्र जवळजवळ काहीच नाही. अ‍ॅपला कुठली परवानगी द्यायची, लोकेशन कधी बंद ठेवायचं, हे यायलाच हवं होतं, वर्गातल्या निम्म्या लोकांकडे घरी कॉम्प्युटरच नाही.

पाचपैकी मी चार देईन, मॅडम असतील तर. सर असतील तर दोन. नोट्स बदलल्या आणि बॅकअप वाढवला तर साडेचार.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद दिला होता, मावशीने तो तिथे भरला नाही. घरी येऊन दोन दिवस बसून मराठीत टाइप केला, फाइलला नाव दिलं, सेव्ह केलं, मेलला जोडला आणि पाठवायच्या आधी मला फक्त एवढंच विचारलं की फाइलच जोडली गेली ना, नुसती लिंक तर नाही? पहिलीच ओळ होती, पान १४ वरचं कुलपाबद्दलचं वाक्य चूक आहे, पुढच्या बॅचच्या आधी बदलावे.